आठ घडे पाणी आणि आपला नळ



आषाढ आला की चातुर्मासाचे नियम ठरायला लागतात. कुणी एकासणं करते, कुणी बियासणं, कुणी चौविहार धरते, कुणी चार महिने हिरवी भाजी सोडते. नियम घेण्यात आपल्या बायका कधीच मागे नसतात. म्हणूनच यंदा एक वेगळा नियम तुमच्यापुढे ठेवते आहे. तो ताटातला नाही. तो घरातल्या नळाचा आणि विजेच्या बटनाचा आहे.

आनंद श्रावकाची कथा आपण व्याख्यानात कितीदा ऐकतो. वाणिज्यग्रामचा हा बडा गृहस्थ. बारा कोटी सुवर्णमुद्रा आणि दहा दहा हजार गाईंचे चार व्रज त्याच्या पदरी होते. भगवान महावीरांकडून त्याने श्रावकाची बारा व्रतं घेतली, ती कथा उपासकदशांग सूत्रात पहिलीच येते. व्रत घेताना त्याने काय ठेवलं आणि काय सोडलं, त्याची मोठी यादी तिथे आहे. अंग पुसायच्या वस्त्रापासून दातणाच्या काडीपर्यंत प्रत्येक गोष्टीची मर्यादा त्याने बांधली. त्यातच आंघोळीच्या पाण्याचीही आहे: आठ घडे. आणि पिण्यासाठी फक्त आकाशातून पडलेलं पाणी.

आठ घडे म्हणजे कमी की जास्त, यावर वाद घालायला नको. त्याच्यासारख्या श्रीमंताला ऐंशी घडेही कुणी नाकारले नसते. मला यातलं मोलाचं वाटतं ते एवढंच की त्याने मोजलं. पाणी भरपूर होतं, पैसा भरपूर होता, भरायला नोकर होते, तरी मोजलं. आणि आज आपल्यापैकी कुणालाही विचारलं, की आज आंघोळीला किती पाणी घेतलंस, तर उत्तर येतं, "मोजलंय कुणी!"

तिन्हीकडे पाणी, पण पिण्याचं नाही

आमच्या पूर्णगडला एका अंगाला समुद्र आहे, दुसऱ्या अंगाला मुचकुंदीची खाडी, आणि वर किल्ल्याचा डोंगर. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, इथे पाण्याला काय तोटा! पाऊसही रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. पण आपला जांभा दगड म्हणजे चाळण. सड्यावर पडलेलं पाणी काही कातळावरून धावत वहाळात जातं, काही भोकाभोकांतून झिरपून डोंगराच्या पायथ्याशी निघून जातं, आणि सगळं मिळून समुद्राला मिळतं. फाल्गुन संपला की विहिरींचे तळ दिसू लागतात. वैशाखात कोकणातल्या कितीतरी वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते.

खाडीच्या आणि समुद्राच्या काठावर आणखी एक धोका असतो. जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून वर आणि खारं पाणी जड म्हणून खाली असतं. पंप लावून गोडं पाणी भराभर उपसलं की खालचं खारं पाणी वर सरकतं. मग विहीर आटत नाही, पण पाणी मचूळ होतं. मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला एक-दोन चांगले पावसाळे जावे लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणून "विहीर आमची, पंप आमचा, वीजबिल आम्ही भरतो" हे म्हणणं मला पटत नाही. विहिरीचं तोंड आपल्या परसात असतं, तिचा झरा मात्र सगळ्या वाडीचा असतो. चैत्रात मी तासभर जास्त पंप चालवला, तर खालच्या घरातल्या बाईची कळशी उशिरा भरते.

पूर्वी रहाटावर पाणी ओढताना दंडाला हिशेब कळायचा. विहिरीपासून न्हाणीपर्यंत घागर आणणाऱ्या बाईला पाणी मोजायला शिकवावं लागत नव्हतं. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. कमरेवरचा हंडा उतरला ही फार चांगली गोष्ट झाली. पण हंड्याबरोबर मापही उतरलं, ते आपण पुन्हा घरात आणायला हवं.

अनर्थदंड म्हणजे नेमकं काय

आपल्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण हे एक व्रत आहे. अर्थ सोपा आहे. संसार करायचा तर काही हिंसा टळत नाही, ती अर्थाची, म्हणजे कारणाची. पण ज्या हिंसेतून कुणाचंच काही साधत नाही, ती बिनकारणाची. ती तरी सोडा, असं हे व्रत सांगतं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक आहे प्रमादचर्या. निष्कारण माती खणणं, निष्कारण पाणी सांडणं, निष्कारण अग्नी पेटवणं, निष्कारण वारा घालणं, निष्कारण झाडपाला तोडणं, हे सगळं प्रमादचर्येत येतं.

ही यादी एकदा आपल्या घरावरून फिरवून बघा. भांडी घासताना वाहत ठेवलेला नळ म्हणजे अप्कायाची विराधना. झाकण न ठेवता तासभर उकळत ठेवलेलं पातेलं म्हणजे अग्निकायाची. माणूस उठून गेल्यावर रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा म्हणजे वायुकायाची. आज ज्याला सगळे ऊर्जेची बचत म्हणतात, त्याला आपल्याकडे फार जुना आणि फार नेमका शब्द आहे: जयणा. सरकारचं पत्रक येण्याआधी, जागतिक दिवस साजरे व्हायच्या आधी, आपल्या घरात हा शब्द होता.

आणि इथेच मला आपल्या समाजाशी थोडं भांडायचं आहे. बटाटा आपण चिमटीतही धरत नाही. वांग्याची भाजी पानात आली तर ताट सरकवतो. मग पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव मानणारा आपला धर्म ओव्हरफ्लो होणाऱ्या टाकीपाशी का थांबतो? कंदमुळाचा नियम मोडला तर मन खातं. टाकी भरून दहा मिनिटं गच्चीवरून पाणी धो धो वाहिलं, तर आपण फक्त "अगं बाई" म्हणतो. पाण्याचा नियम कंदमुळाच्या नियमाइतकाच खरा मानला जावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

बटन दाबलं की पाणीच खर्च होतं

पाणी आणि वीज वेगळ्या गोष्टी आहेत असं आपल्याला वाटतं. रत्नागिरी जिल्ह्यात राहणाऱ्या बाईने तरी तसं समजू नये. साताऱ्याच्या बाजूला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. त्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, चिपळूण तालुक्यात पोफळीकडे सोडतात. साधारण पाचशे मीटर खाली उतरताना ते चक्रं फिरवतं, वीज देतं, आणि मग वाशिष्ठीतून समुद्रात जातं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्यात, शेतीला आणि पिण्याला गेलं असतं असं हे पाणी.

थोडा हिशेब करू. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं, तर थोडी तूट धरून साधारण सव्वा युनिट वीज मिळते. म्हणजे पोफळीच्या मापाने एक युनिट वीज म्हणजे जवळपास आठशे लिटर पाणी. आता जुना पंखा ७५ वॉटचा असतो. तो रिकाम्या खोलीत चार तास फिरला की ०.३ युनिट जातं, म्हणजे सुमारे २४० लिटर. जल जीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर. एका रिकाम्या पंख्याखाली जवळपास पूर्ण घराचं दिवसाचं पाणी गेलं!

आपल्या घरात येणारी सगळीच वीज काही पाण्याची नसते. राज्यातली बरीचशी वीज कोळशावर होते, आपल्याच जिल्ह्यात जयगडला कोळशाचा १२०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. पण कोळसा जाळणं म्हणजे अग्निकाय आणि धूर, त्यात जयणा कुठून आणणार? वीज कुठूनही आलेली असो, न दाबलेलं बटन सगळ्यात अहिंसक.

न्हाणीत आणि मोरीवर

आता कामाचं बोलू. यातलं काहीच नवं नाही, आणि बहुतेक गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

आंघोळ बादलीने. शॉवर वापरायचाच असेल, तर एक दिवस त्याच्याखाली बादली ठेवा, घड्याळ लावा आणि आपण नेहमी घेतो तेवढा वेळ पाणी सोडा. किती बादल्या भरल्या ते स्वतः बघा. माझ्या सांगण्यापेक्षा त्या बादल्या जास्त सांगतील.

दात घासताना आणि दाढी करताना तांब्या किंवा मग. नळ बंद. हा नियम घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही.

गळका नळ दिसला तर रात्री त्याच्याखाली पातेलं ठेवा आणि सकाळी मोजा. वॉशर काही रुपयांना मिळतो. पातेलं भरलेलं बघितल्यावर नळवाल्याला फोन करायला कुणी आळस करत नाही. फ्लशची टाकी जुनी आणि मोठी असेल, तर पाण्याने भरलेली बंद बाटली आत उभी ठेवा. दर वेळी तेवढं पाणी वाचतं.

भांडी आधी निपटून घ्या. आपल्याकडे थाळी धुऊन पाणी पिण्याची पद्धत आहे, तिला नव्या सुनांनी हसू नये. उष्ट्यात जीवोत्पत्ती होऊ नये म्हणून ती आली, आणि तिच्यामुळे ताट घासायला पाणीही निम्मं लागतं. घासलेली भांडी टपातल्या पाण्यात एकदा खळबळून मग दुसऱ्या पाण्यातून काढायची. कपड्यांचं शेवटच्या खळबळीचं पाणी लादी पुसायला. मशीन असेल तर ते भरल्याशिवाय लावायचं नाही.

तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात. पण ते बादलीत साठवून ठेवू नका. ४८ मिनिटांचा नियम आपल्याला माहीत आहे. कोरड्या मातीत पसरून परठवायचं, एका जागी डबकं करायचं नाही. पाणी वाचवण्याच्या नावाखाली परसात उघडी पिंपं भरून ठेवली की डास होतात, मग ते मारायचे उपाय, म्हणजे पुन्हा हिंसा. पिंप असेल तर झाकण हवं.

उकळलेलं पाणी आणि गॅस

काही जणी विचारतील, आपल्या तपातच तर इतका गॅस जातो, त्याचं काय? प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. पाच लिटर पाणी उकळायला साधारण पन्नास ग्रॅम गॅस लागतो. हे अर्थाचं काम आहे, ते करायचंच. पण त्यातला अनर्थ काढता येतो. पातेल्यावर झाकण ठेवा. ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका. खळखळ उकळी आली की बंद करा. सगळ्यात महत्त्वाचं, घरात उकळलेलं पाणी पिणारी माणसं मोजून तेवढंच उकळा. काळमर्यादा संपली म्हणून संध्याकाळी अर्धं पातेलं ओतून द्यावं लागलं, तर पाणीही गेलं आणि अग्नीही. चातुर्मासात कोकणात ऊन दिसत नाही, पण चैत्राच्या आयंबिल ओळीत ते भरपूर असतं. गाळलेलं पाणी झाकून उन्हात ठेवलं आणि दहा अंशांनी कोमट झालं, तरी उकळायला सातवा हिस्सा गॅस कमी लागतो.

डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून मग कुकरला. एका कुकरात डाळ, भात आणि भाजी तीन डब्यांत. आणि सगळ्यांनी सूर्यास्ताआधी एकत्र जेवायचं. चौविहाराचा हा फायदा कुणी बोलत नाही. चार माणसं चार वेळांना जेवली की चार वेळा आमटी गरम होते, चार वेळा स्वयंपाकघरातला दिवा लागतो.

फ्रीजचंही एक सांगते. वासी न खाणाऱ्या घरात एवढे मोठे फ्रीज कशाला लागतात? दूध, दही, भाजी, थोडी फळं. तेवढ्याला छोटा पुरतो. आहे तोच मोठा असेल तर भिंतीपासून जरा पुढे ओढा, मागची हवा खेळू द्या. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज सुटला तर रबर सैल झालंय, थंडावा बाहेर जातो आणि वीज आत येत राहते.

दिवे, पंखे आणि न दिसणारे दिवे

साठ वॉटच्या जुन्या बल्बचं काम नऊ वॉटचा एलईडी करतो. पंखा बदलायची वेळ आली तर साध्या मोटरच्या ७५ वॉटऐवजी बीएलडीसी घ्या, तो साधारण तीस वॉटमध्ये चालतो. चांगला चालणारा पंखा मात्र केवळ हौसेने काढून टाकू नका, तोही परिग्रहच. एसी असेल तर २४ ते २६ अंशांवर ठेवून बरोबर पंखा लावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं की एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. सोळा अंशांवर एसी आणि अंगावर जाड रजई, ही तर अनर्थदंडाची व्याख्याच.

गिझर आंघोळीच्या दहा मिनिटं आधी लावायचा आणि बादली भरली की बंद. दिवसभर चालू ठेवलेला गिझर रिकाम्या न्हाणीला ऊब देत बसतो. चैत्र-वैशाखात आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापलेलं असतं की त्यात गार पाणी मिसळावं लागतं, तेव्हा गिझरची गरजच काय?

टीव्हीचा रिमोट दाबला म्हणजे टीव्ही बंद झाला असं नाही. दहा वॉटचा सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू राहिला, तर महिन्याला सात युनिटं जातात. भिंतीवरचं बटन बंद करायचं. मोबाइल भरला की चार्जरही.

आणि पाणी शुद्ध करणारं आरओ. त्यातून एक लिटर पिण्याचं पाणी येताना बहुतेक वेळा दोन-तीन लिटर बाहेर जातं. क्षार जास्त असलेल्या पाण्यासाठी ते यंत्र आहे. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी सहसा मऊ असतं. खाडीकाठची मचूळ विहीर सोडली, तर आधी पाणी तपासून घ्या आणि मगच यंत्र घ्या. घेतलंच असेल, तर त्याची सोडणी बादलीत घेऊन लादी पुसायला वापरा.

जिवाणी कुठे सोडायची?

पाणी गाळणं आपल्याला जन्मापासून माहीत आहे. पण त्याचा दुसरा अर्धा भाग आपण विसरत चाललो आहोत. जाड, दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं की फडक्यात राहिलेली जिवाणी सांभाळून, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. एका विहिरीचे जीव दुसऱ्या पाण्यात सोडायचे नाहीत. याचा अर्थ असा, की प्रत्येक घरातल्या बाईला आपलं पाणी कुठून आलं हे माहीत असायचं, आणि घेतल्यावर काहीतरी परत करायचं असायचं. नळ आला आणि हे नातं तुटलं. पाणी कुठून येतं? नळातून. परत कुठे जातं? मोरीत.

हे नातं आज कसं जोडता येईल, याचं मला सुचलेलं उत्तर म्हणजे पागोळ्या. आनंद श्रावकाने पिण्यासाठी पावसाचं पाणी ठेवलं होतं, आणि आपल्या कौलांवरून दर पावसाळ्यात ते वाया जातं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. थोडं उडालं, थोडं सांडलं तरी दोन लाख लिटर हाताशी येतं. माणशी ५५ लिटरच्या मापाने पाच माणसांच्या घराला वर्षाला लागतं एक लाख लिटर. देणारा दुप्पट देतो, आपण पन्हळ लावत नाही!

पन्हळ लावून, पहिले दोन-चार पाऊस वाहून जाऊ देऊन, नंतरचं पाणी दगड, खडी, वाळू आणि जाळी घातलेल्या पिंपातून गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात किंवा विहिरीत सोडता येतं. इथेही गाळणं आलंच बघा. पाऊस ओसरला की कोकणात गावोगावी रिकाम्या गोण्यांत माती आणि वाळू भरून वहाळांवर वनराई बंधारे घालतात. आपल्या मंडळांनी एखादा दिवस त्या श्रमदानाला जावं. विहिरीला परत द्यायची जिवाणी मला वाटतं आता हीच आहे.

"एवढ्याने काय होणार?"

हे वाक्य मी पुष्कळ ऐकते. कारखाने किती पाणी घेतात, शहरं किती वीज जाळतात, आणि आपण तांब्या मोजत बसायचं का? याला माझी दोन उत्तरं आहेत. पहिलं धर्माचं. माझ्या हातून झालेल्या अनर्थदंडाचा बंध मलाच पडतो. कारखान्याचा हिशेब कारखान्यापाशी. उपवास करताना आपण विचारत नाही, की मी एकटी न जेवल्याने जगातली भूक किती कमी होणार. दुसरं उत्तर व्यवहाराचं. मोठ्या शहरात एक बादली दिसत नसेल, पण पन्नास घरांच्या वाडीत, वैशाखातल्या विहिरीत ती दिसते. आपल्याकडे भांडी घासायला येणारी मावशी त्या दिवसांत पहाटे उठून सार्वजनिक नळावर हंडे लावते आणि मग आपल्या घरी वाहत्या नळाखाली आपली भांडी घासते. तिला काय वाटत असेल याचा विचार आपण करायला हवा. ती बोलणार नाही.

मात्र एक सांभाळा. या नियमाची काठी करून सुनेच्या पाठीमागे फिरू नका. "दिवा कुणी चालू ठेवला, नळ कुणी सोडला" या चौकशीत घरातली शांती गेली तर तोही कषायच. बचतीचं सगळं ओझं बाईनेच वाहायचं आणि बाकीच्यांनी तासभर शॉवर घ्यायचा, हेही चालणार नाही. नियम घरातल्या सगळ्यांचा, नाहीतर तो नियम नव्हे.

समाजाच्या कार्यक्रमांचंही बोललं पाहिजे. स्वामीवात्सल्याला किंवा पारण्याच्या जेवणाला जा, टेबलाखाली दोन घोट पिऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या बघा. तपाच्या अनुमोदनेला जमायचं आणि एवढं पाणी उष्टं करून फेकायचं? गाळलेल्या किंवा उकळलेल्या पाण्याचा पिंप, पितळी किंवा स्टीलचे पेले आणि वाढायला दोन मुलं, एवढ्याने भागतं. मंडपात भर दुपारी लावलेल्या रोषणाईने कुणाची भक्ती वाढते, हेही विचारायला हरकत नाही.

यंदाचा नियम

मोठ्या प्रतिज्ञा टिकत नाहीत, म्हणून मी पाचच सांगते. पटतील तेवढ्या घ्या, पण घ्याल त्या पच्चक्खाणासारख्या पाळा.

एक, आंघोळीच्या पाण्याचं माप ठरवायचं. एक बादली, दीड बादली, जे तुमच्या घराला झेपेल ते. चौदा नियमांत स्नानाची मर्यादा आहेच, तिला आता बादलीचं माप द्या.

दोन, खोलीतून शेवटी उठणाऱ्याने दिवा आणि पंखा बंद करायचा.

तीन, पाणी जेवढं पिणार तेवढंच पेल्यात घ्यायचं, घरी आणि समारंभातही.

चार, पंप लावला की टाकी भरेपर्यंत एकाने घरात लक्ष ठेवायचं, किंवा शंभर-दोनशे रुपयांची घंटी बसवायची.

पाच, दर महिन्याच्या सुदी चौदसीला विजेच्या मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचा. पुढच्या चौदसीला वजाबाकी करायची. जिथे पाण्याचं मीटर आहे तिथे त्याचाही आकडा.

पाचवा नियम सगळ्यांत सोपा वाटतो, पण माझ्या मते तोच मुख्य आहे. आकडा डोळ्यापुढे राहिला की बाकीचे चार कुणी सांगावे लागत नाहीत. वाचलेले पैसे संवत्सरीला बाजूला काढा आणि जीवदयेत घाला, किंवा वाडीतल्या विहिरीचा गाळ काढायला द्या.

जाता जाता आणखी एक. आनंद श्रावकाने व्रतं घेतली आणि घरी येऊन पत्नी शिवानंदेला सांगितलं. तिने नुसती मान डोलावली नाही. ती स्वतः रथात बसून भगवंतांकडे गेली आणि तिने स्वतःच्या नावाने बारा व्रतं घेतली. घरातल्या पाण्याचं माप तिच्या मर्जीने ठरलं, नवऱ्याच्या हुकमाने नाही. आपल्या घरातलं मापही तसंच आपण स्वतः ठरवू या. पुढच्या वैशाखात वाडीची विहीर किती हात खाली गेली, ते बघून एकमेकींना कळवू.

जय जिनेंद्र.